आमच्या गावचे चौदा मिलिमीटर

— नाही, तो फॉर्म ठेवा बाजूला, इंजिनियरसाहेब, कॉफी घ्या आधी. माहिती उपयुक्त वाटली का, म्हणे. वाटली ना. तुमच्या हवामान खात्याच्या मे महिन्याच्या पत्रकात काय होतं — पाऊस सरासरीपेक्षा जास्त, शक्यता पंचेचाळीस टक्के. म्हणजे मी काय करू? पंचेचाळीस टक्के घेवडा पेरू आणि उरलेला शिजवून खाऊ? चीड येते हो. तिकडे राजधानीत, तेगुसिगाल्पात बसून लिहिता, आणि इथं लेम्पिराच्या डोंगरात आम्हाला विचारायचं असतं एवढंच — जुलैत पाऊस दडी मारतो, ती यंदा किती दिवस? दहा की चाळीस? ते नाही सांगणार. नकाशा पाठवणार, रंगीत. रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या भोंग्यावरून मीच तो वाचला — आपलं गाव हिरवं, जमिनीत ओल भरपूर, पेरा. कासिल्दा आहे ना, माझ्या मुलीची धर्ममाता, तिच्याकडे बियाण्याचं एकच मडकं राहिलेलं. तिनं वावरात काठी खुपसून दाखवली मला, टोकाला नुसती धूळ. मी काय म्हणालो? उपग्रहाला खोलवरचं दिसतं, बाई. पेरलं तिनं. उगवलं काय? काही नाही. मुंग्यांनी बी वाहून नेलं.

आता तुम्ही म्हणाल नकाशा चुकला. चुकला कुठं — मी रोज वाचायचा तो पर्जन्यमापक वर शाळेपाशी, चढ बघितलात ना? आणि माझा गुडघा हा असा. रोज सकाळी सातचा पावसाचा आकडा मी घरातूनच कळवायचो, छपराच्या पत्र्यावर पाऊस किती वाजला त्यावरून. पण पत्र्याचा काय दोष? सगळ्या गावांचे आकडे फोनवरच्या एकाच ग्रुपात. पलीकडच्या गावच्या ओदिलोननं बारा मिलिमीटर टाकले, आणि आमचा पत्रा गप्प. त्याच्यापुढे शून्य लिहू? चौदा लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं अठरा — मग मी बावीस. महिनाभर आम्ही दोघंच पाऊस पाडत होतो, साहेब, असा पाऊस या डोंगरानं कधी पाहिला नसेल. तुमच्या यंत्रानं तो मुकाट गिळला, हिरवा करून परत धाडला, आणि मी गाढव, माझीच थाप मला खरी वाटली. छापून आलेली ना.

लिहा, लिहा, थांबू नका.

दारात कोण — कासिल्दाच. दुसऱ्या पेरणीला भावाकडून बी मागून आणलंय, नवा नकाशा काय म्हणतो विचारायला आलीय. तुम्ही मागच्या दारानं निघा. नाही, तुम्ही नका सांगू, मीच सांगतो. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती यंत्रालाच शिव्या देईल, आणि मला मक्याच्या गरम टॉर्टिया वाढेल. जा म्हणतो ना.