आठ दातांचा सौदा

...आणि वर मला म्हणतात, हसा! अरे, कशाने हसू? तोंडात आठ दात परक्याचे, ओठ सुजून डोनटएवढा, हनुवटीवरून कॉफी ओघळतेय आणि मला पत्ता नाही, कारण इंजेक्शनने अर्धं थोबाड झोपलंय, आणि समोर दातांच्या डॉक्टरांची मदतनीस बाई आरसा धरून उभी. म्हणते, डेलबर्ट, एकदा मोठ्ठं हसा बघू. तुम्हाला सांगतो, मी एका दातासाठी गेलो होतो. एका! समोरच्या दाताचा टवका उडाला होता, बास.

तो कसा उडाला तेही ऐका. मी गुरांचा लिलाव पुकारतो. नेब्रास्कात, आमच्या गावच्या बाजारात, दर गुरुवारी. उंच खुर्चीत मी, तोंडाशी माइक, खाली रिंगणात वळू आणि समोर पायऱ्यांवर टोप्या घातलेले शेतकरी. आमचे शेतकरी म्हणजे कसे? बोलणार नाहीत. हात वर करणार नाहीत. नुसती मान हलवणार, तीही इतकी की टोपीवर माशी बसली असती तर उठली नसती. ती मान मी टिपायची. मान हलली की सौदा झाला. मग 'मी आपलं सहज' चालत नाही, 'मी शेजाऱ्याला नमस्कार केला' चालत नाही. माझ्या बायकोचा भाऊ हार्लन एकदा पायऱ्यांवर डुलक्या काढत होता, त्याची मान पडली छातीवर, मी म्हटलं, विकला! काळा वळू, चार पाय आणि एक वाईट स्वभाव. हार्लन रडकुंडीला आला, दाजी, मी झोपलो होतो हो. मी म्हटलं, मान हलली की सौदा झाला. नेला बिचाऱ्याने घरी. त्याच्या कुंपणाचं पुढे काय झालं ते तो दर नाताळच्या जेवणाला सांगतो, आणि आम्ही दर नाताळला ऐकतो.

हां, तर टवका. फाटकाची कडी लागली आणि उडाला. मी तसाच चालवून घेतला असता हो, पण बाजाराची मालकीण ग्लेना, तिने बसवला कॅमेरा. आता लांबलांबचे लोक घरबसल्या पडद्यावर वळू बघून बोली लावतात. मला म्हणाली, "डेलबर्ट, पडद्यावर वळू लहान दिसतो आणि तुझा तुटका दात मोठा. काहीतरी कर, नाहीतर मला जावयाला बसवावं लागेल." तिचा जावई लिलाव पुकारायची शाळा शिकून आलाय. दात त्याचे एका ओळीत आहेत, कबूल, पण खोंड की कालवड हे कळायला त्याला वाकून बघावं लागतं. आणि त्याला द्यायची माझी खुर्ची? उभा जन्म गेला माझा त्या खुर्चीत. गेलो मुकाट्याने दवाखान्यात.

डॉक्टर ट्रेंट. फार गोड माणूस, तोच तर त्रास. आडवं केलं, ओठ ताणून धरायला प्लास्टिकची कडी अडकवली, आरसा घातला, नळी घातली, कापूस कोंबला... आणि मग सुरू केल्या गप्पा. आता मला सांगा, हे लोक सगळं तोंडात घालून झाल्यावरच का विचारतात? मका कसा आहे यंदा? नातवंडं किती? अरे, आधी विचार ना! तर म्हणाला, टवका काय, आत्ता भरून देतो, पण शेजारचे दात पिवळट आहेत, हा एकटाच उठून दिसेल, नाही का? दिसेल, खरं होतं ते. मग म्हणाला, "त्यापेक्षा समोरचे आठही एकसारखे करून टाकू या?" आणि नेमकं त्याच वेळी माझ्या घशात साचलं होतं पाणी. ते गिळायला मी हनुवटी खाली घेतली. फक्त गिळायला हो! डॉक्टर म्हणाले, छान. काय छान? मान हलली की सौदा झाला.

घरी आलो. आर्डिस, माझी बायको, म्हणाली, "फोन करून नको म्हण की. तो काय खाणार आहे तुला?" बरोबर होतं तिचं. मी फोन उचललासुद्धा. पण समोर हार्लन बसलेला, पाय खात... सफरचंदाचा पाय, स्वतःचा नाही. त्याने काटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि अगदी हळू विचारलं, "दाजी, मान हलली ना?"

संपलं. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? नाही म्हटलं असतं तर गुरुवारी वळू कुणाच्या गळ्यात मारला असता? जो तो म्हणणार, डेलबर्ट, मी गिळत होतो. माझं पोट त्या एका मानेवर चालतं. ठेवला फोन आणि गेलो पुन्हा आडवा व्हायला.

आता इथे कान देऊन ऐका, कारण मी विचारलं नव्हतं आणि मला लागायचं ते लागलं. हे व्हिनीअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायची चिनीमातीची पापडी. नखाएवढी. ती बसायला जागा हवी म्हणून आधी आपला दात घासतात. आपला! धडधाकट! आणि घासला की घासला, तो पुन्हा उगवत नाही. म्हणजे उद्या नको वाटलं तरी परत जायला घरच नाही. दहापंधरा वर्षांनी त्या पापड्या बदलायच्या, मग पुन्हा बदलायच्या. हे सगळं मला कळलं तेव्हा मी विचारणार होतो, पण तेव्हा माझ्या तोंडात दोन हात होते आणि त्यातला एकही माझा नव्हता. रंगाचंही तेच. आधीच निवडा म्हणाले, चिनीमाती नंतर उजळत नाही. दातांची एक पट्टी धरली डोळ्यांसमोर, हा? की हा? मला जरा मळकाच हवा होता, साठीच्या माणसाला शोभेलसा. पण दिवा डोळ्यांत, मी मान वळवायला गेलो आणि... निवडला गेला आमच्या न्हाणीघरातल्या बेसिनचा रंग.

पक्के दात बनून येईपर्यंत तात्पुरते बसवले. डॉक्टर म्हणाले, यांनी बोलून बघा, खाऊन बघा, काही खटकलं तर सांगा, याच आकाराचे पक्के करणार. चांगला सांगतो हो माणूस! पण आमच्याकडे कसं आहे, पाय तुटला तरी विचारलं की आम्ही म्हणतो, ठीक आहे. मी म्हटलं, ठीक आहे.

आला गुरुवार. मी खुर्चीत, जावई मागे हात बांधून उभा, कॅमेरा सुरू. पहिला वळू आला. चोपन्न, पंचावन्न करत चढवत नेला आणि म्हटलं, साठ! आणि तोंडातून शिट्टी. साधी नाही हो, लांब, कडक, स्पष्ट शिट्टी! त्या तात्पुरत्या दातांना मधे फट होती आणि स आला की तिच्यातून वारा. आता ग्लेनाची एक कुत्री आहे, बिट्सी. शिट्टी वाजली की मागच्या गोठ्यातून पुढचं जनावर रिंगणात आणायचं, एवढंच तिचं आयुष्य. तिने आणला दुसरा वळू. मी म्हटलं, पासष्ट. तिसरा. सत्तर. चौथा! मला घाम फुटला. थांबावं तर बोली पडते, बोलावं तर वळू येतो. जावयाचा हात माइककडे यायला लागला... मी डोळे मिटले आणि रेटलं पुढे. पंचाहत्तर म्हटलं तेव्हा खाली रिंगणात वळायला जागा नव्हती आणि बिट्सी एकाच्या पाठीवर उभी होती.

आणि पायऱ्यांवर? जन्मात न हसलेली माणसं हसत होती. पोट धरून, वाकून, टोप्या पडेपर्यंत. हसताना माणसाची मान काय होते? हलते! खाली-वर, खाली-वर, पायऱ्याच्या पायऱ्या हलत होत्या, आणि मी टिपत होतो. विकला! विकला! भाव असा चढला की ग्लेनाने तोंडावर हात ठेवला. हार्लनच्या गळ्यात दोन वळू पडले. दाजी, मी हसत होतो हो! मी काय म्हणणार? मान हलली की सौदा झाला.

खुर्ची वाचली. जावयाला ग्लेनाने शेण काढायला पाठवलं. मला वाटलं, सुटलो. धावत गेलो डॉक्टरांकडे, म्हटलं, खटकतंय, शिट्टी वाजते. ते म्हणाले, मामुली आहे, पक्क्या दातांत ती फट बुजवून टाकतो. मी इतका खूश! तेवढ्यात दारात ग्लेना. स्वतः आली होती, दवाखान्यात. म्हणाली, "डॉक्टर, फटीला हात लावायचा नाही. शिट्टी राहिली तर हा राहील." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात तेव्हा आरसा होता.

तर हे असे बसले कायमचे. मी घरात 'साखर दे' म्हटलं की शेजारच्यांचा कुत्रा कुंपणाशी येऊन उभा राहतो. आर्डिस म्हणते, काय हवंय ते बोटाने दाखव. आणि कालच पुढच्या लिलावाची जाहिरात लागली चौकात, भलीमोठी, रंगीत. ज्या दातांपायी एवढं सोसलं, ते बघायला मी मुद्दाम गाडी थांबवली. फोटोत पुढे बिट्सी, तोंड उघडून हसतेय, मागे कुठेतरी मी, ओठ घट्ट मिटलेले. मी ग्लेनाला विचारलं, अगं, माझे दात कुठायत? ती म्हणाली, "तुझे फार खोटे वाटत होते रे."