पुढच्या महिन्याचा अंक

आईला ऑपरेशनसाठी आत नेल्यापासून भाऊ-बहीण बाकाच्या दोन टोकांना बसले होते. नर्स फाइल लिहीत होती, पण तिचे कान तिकडेच होते.

“अजून कॉमिक्स वाचतोस, दादा?”

“यात सगळे सुपरहिरो एकत्र येतात.”

“येतात, जग वाचवतात आणि आपापल्या वाटेला लागतात. त्यात काय मोठं?”

“म्हणूनच मी जुन्या अंकांच्या दुकानात आधी याच्या पुढच्या महिन्याचा अंक चाळतो. त्यात कुणी थोडं तरी बदललेलं दिसलं, तरच हा विकत घेतो.”

“आपणही आई आजारी पडली की एकत्र येतो.”

“आणि नंतर वर्षभर अबोला.”

“पुढच्या महिन्यात जेवायला ये ना. कुणीच आजारी नसताना.”

“येतो. भांडी मी घासणार.”

“तुमच्या आई शुद्धीवर आल्यात,” नर्स म्हणाली.

दोघंही बाकाच्या एकाच टोकावरून उठले.