पासवर्ड काढून पाठवा म्हणे!

...अहो, "पासवर्ड काढून पाठवा" म्हणायला काय जातंय? फ्लॅटसाठी कर्ज हवं, कर्जाला खात्याचं स्टेटमेंट हवं, तेही आज संध्याकाळपर्यंत, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याला! आणि कर्ज देणाऱ्या बँकेतली बाई किती गोड, "सर, फाईलला कुलूप आहे ना, तेवढं काढून पाठवा हं." तेवढं!

खातं दोघांचं, पण पहिलं नाव बायकोचं, आणि ती ऑफिसात. म्हटलं तिला कशाला त्रास? शोधलं, तर लगेच वेबसाइट हजर! "फाईल इथे टाका, पासवर्ड फुकट काढून मिळेल!" फुकट? पगार, हप्ते, शिल्लक, घरचा पत्ता, सगळं त्या फाईलीत, आणि हा कोण कुठला परोपकारी? बोट बटणावर... आणि डोळ्यांपुढे आलं, कुणीतरी चहा पीत माझी शिल्लक वाचतोय आणि हसतोय! हसण्यासारखीच आहे हो, पण आपली आहे!

मेहुणीला फोन लावला. ती हिशेब तपासणाऱ्यांकडे कामाला, दिवसभर असल्याच फाईली. ओरडलीच, "भाऊजी, बोट काढा आधी! अनोळखी साइटवर टाकणं म्हणजे चौकात टांगणं! घरच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडा, पासवर्ड द्या, प्रिंट म्हणा आणि कागदाऐवजी पीडीएफ म्हणून सेव्ह करा. नवी प्रत बिनकुलपाची, फाईल घराबाहेर जातच नाही!"

एवढं सोपं? "आणि पासवर्ड म्हणजे ताईच्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. ती तर तुम्हाला पाठच असेल!"

"म्हणजे काय! पाठच!" म्हणालो मी... आणि फोन ठेवला.

हसू नका! अकरा वर्षांचा संसार आहे, पण दरवर्षी आदल्या दिवशी हीच मेहुणी फोन करते, "भाऊजी, उद्या हं," की मी केक आणतो. तारीख पाठ कशाला करायची? थंडीत असते, एवढं नक्की! ओळखपत्र? तिच्या पर्समध्ये! मग बसलो एकेक तारीख टाकत. डिसेंबर... चूक. जानेवारी... चूक. सालही अंदाजानंच! चोराची भीती कधीच पळाली हो, आता दारात किल्ली फिरायची भीती... आणि फिरली की!

"अहो, काय करताय?"

"फाईल उघडत नाहीये गं, बँकेचीच चूक असणार..."

"कोणती तारीख टाकलीत?"

आता काय सांगू? जी सांगेन ती चुकलेली, समोर लाल अक्षरांत लिहिलंय!

"सरका." सरकलो. एका हातानं कीबोर्ड झाकला, दुसऱ्यानं टाइप केलं, मला दिसले नुसते काळे ठिपके! उघडली, प्रिंट, सेव्ह, बँकेला धाडली, आणि बिनकुलपाची प्रत घरच्या कॉम्प्युटरवरून पुसूनही टाकली. ओरडली असती तर बरं झालं असतं हो!

कर्ज मिळालं, फ्लॅट मिळाला. पण ओळखपत्रं गेली कपाटात, किल्ली तिच्याकडे, आणि बहिणीला ताकीद, "यंदा यांना फोन करायचा नाही." मग काय करणार? रोज सकाळी डोळे उघडले की आधी म्हणतो, "वाढदिवसाच्या शुभेच्छा!" ती म्हणते, "आज नाही."

...चला, एक तारीख कमी झाली.