तार आली

— अहो मल्हारराव, वरडू नका, ऐकू येतं मला! अजिंठ्याहून आलाव, बसा. चहा नको? बरं, घेताच ना! तुमचं तुणतुणं तयार हाये, कातडं नवं ताणलं, तार चढवली, जुळवायचं तेवढं राहिलं. अन् मी खुशाल का? लई खुशाल! नात झाली मला! लेकीच्या लग्नाला नऊ वर्सं झाली, एक देव सोडला नाय — अन् झाली! सकाळपासून नुसता हवेत हाये मी, दोनदा चुना समजून लाकूड चिकटवायचा सरस खाल्ला पानाला लावून.

अन् गंमत ऐका. काल टपालवाला दारात उभा. "तार," म्हणला. मी म्हणलं, तुटली का? अडकवा खुंटीला, परवा या. त्यो कागद नाचवतोय, हात हालवतोय — मी म्हणलं, घाई करू नका बाबा, सगळ्यांचीच कामं घाईची! गेला बिचारा अडकवून. लेकीच्या गावची, देवगाव रंगारीची तार तुणतुण्यांमधी लटकत राहिली! आज समोरच्या कारभारी कापडवाल्यानं बघितली. मी म्हणलं, तार येती ती मेल्याचीच की! त्यानं वाचली, अन् हात असे झुलवले, पाळण्यावानी. मग नाकाला बोट लावलं — नथ! पोरगी! भर गुलमंडीत नाचलो मी. आता तुमी म्हणाल, हात कशाला झुलवायचे, तोंडानं सांगायचं —

घ्या. निसटलं.

नाय येत मला ऐकू. एखादा शबूद ओठांवरनं वळखतो, तेवढंच. पोलीस ॲक्शनच्या साली ताप आला, जाताना कान घेऊन गेला. बहिऱ्याला वाद्य कोण देणार? तुमी दिलं असतं? नसतं दिलं. मी खुंटी पिळायचो, आमची चतुराबाई समोर शेंगा फोडत बसायची — भुवई वर गेली की पिळ, खाली आली की सोड. पंधरा वर्सं लोक म्हणतात, कडूबा, काय कान हाये तुझा! अन् ती पदरात तोंड घालून हसती. आता ती लेकीच्या बाळंतपणाला गेली, अन् तुमचं जागरण उद्यावर.

म्हणून दातानं जुळवतो. हसू नका! दांडी दातात धरली की सूर डोक्यात शिरतो. पण दोन दाढा पडल्यात, भरवसा अर्धाच — तवा भुवई तुमी द्या. द्या हो! खंडेरायाम्होरं खोटा सूर जायचा नाय माझ्या हातून. ...वर? अजून? ...एवढी नको, टोपीत शिरली की! ...खाली. जरासं. ...आता? अहो, भुवई सोडून डोळे काय पुसताय? जुळलं? जुळलं!

मजुरी ठिवा तुमच्याकडंच. मला देवगाव गाठायचंय. पोरीला काय दातात धरता येती? पण रडली की कपाळ टेकवीन तिच्या छातीला. वाळल्या लाकडातून ऐकू येतंय, तर माझ्याच रक्तातून नाय यायचं? येणार! — अन् तुमी अजून बसलाव? उठा मल्हारराव, एस.टी. सुटंल माझी!