माठाखालची चिठ्ठी आणि उजेडाचा कण

आमच्या थोरल्या काकांना तुम्ही ओळखत नाही, म्हणून सांगतो. रेणापूरच्या रानाची काकांत आणि माझ्या बापात वाटणी होती. एक तुकडा रोडलगतचा, दुसरा आतला. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठी उचलायचा मान थोरल्याचा, आणि हा माणूस हवी ती चिठ्ठी आधी माठाखाली ठेवतो, म्हणजे उचलताना बोटाला गार लागते. सगळ्या घराला ठाऊक, पण बोलत कुणी नाही. माझा बाप तर मुळीच नाही.

मी म्हणालो, "चिठ्ठ्या नको, मोबाईलवर काढू. तिकडं प्रयोगशाळेत उजेडाचा एकेक कण अर्धाच पारा लावलेल्या आरशावर सोडतात. आरपार गेला तर शून्य, माघारी फिरला तर एक, आणि तो आकडा नेटवरून इथं मोबाईलवर येतो. असल्याच आकड्यांनी काचेच्या केबलमधले गुप्त निरोप कुलूपबंद करतात."

"कॉलेज सोडलेल्यानं शिकवू नये," काका म्हणाले. पण नजर मोबाईलवरच. "कण कुठं जाणार, आधी कुणाला कळतं?"

"कुणालाच न्हाई."

"सोडणाऱ्यालाबी?"

"त्यालाबी न्हाई."

काकांनी मोबाईल हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "शून्य आलं तर रोडलगतचं माझं."

सगळ्यांसमोर बटण दाबलं. शून्य आलं.

मीच रान विकल्यासारखं बापानं माझ्याकडं बघितलं. काकांनी मला खांद्याला धरून गोठ्यामागं नेलं आणि हळूच विचारलं, "आता खरं सांग पोरा. कण गार कसा केलास?"