ओठ वळलेल्या बारा

मानुआरी : सकाळी सहाला मोजणी झाली, आत्या. ओपुनोहूच्या दरीत सोडलेल्या बारा गोगलगायी गायब आहेत.

तेपुरा : मग दरीत शोध. माझ्या ओसरीवर काय ठेवलंय?

मानुआरी : तुझ्या मांडीवर हार आहे.

तेपुरा : माझ्या आईचा. उंदरांनी दोरा कुरतडला, बारा शंख गेले. शनिवारी माझ्या नातीचं, पोएरावाचं लग्न. नवरीच्या गळ्यात प्लॅस्टिकचे मणी घालू?

मानुआरी : म्हणजे तूच नेल्यास.

तेपुरा : वेचल्या. माझी आईही वेचायची. तिला तुझ्यासारखे विमानातून डबे मागवावे लागले नाहीत.

मानुआरी : परदेशात डब्यांत जपल्या म्हणून त्या वाचल्या. या बेटावर एक उरली नव्हती.

तेपुरा : का उरली नव्हती? शेतं खाणाऱ्या मोठ्या गोगलगायी मारायला साहेबांनी मांसखाऊ गोगलगाय आणली. तिने त्या मोठ्यांना तोंड लावलं नाही, आमच्या झाडांवरच्या लहान खाल्ल्या. तिच्या पेट्या डोंगरावर कोणी वाहिल्या? तुझ्या बापाने. नवे बूट मिळाले होते ना त्याला.

मानुआरी : बाबा फसले.

तेपुरा : तो बूट घालून फसला, तू ही गोगलगाय-प्रकल्पाची टोपी घालून.

मानुआरी : शंखावर आम्ही लावलेला लाल ठिपका होता. दिसला नाही?

तेपुरा : दिसला. नखाने खरवडला. देवाने रंगवलेलं तुम्हाला पुरेना वाटतं.

मानुआरी : कुठल्या घेतल्यास?

तेपुरा : हे मला विचारतोस? शंखाचा ओठ जाड होऊन बाहेर वळलेल्याच. पातळ ओठाच्या लेकरांना हात लावायचा नाही. तेवढी रीत आहे आम्हाला.

मानुआरी : ओठ वळलेल्या बाराच होत्या, आत्या. बाकी सगळी लेकरं. ती मोठी होईपर्यंत दरीत एकही पिल्लू होणार नाही.

तेपुरा : त्या सोडताना दरीत सभा घेतलीत, तेव्हा हार ओवणाऱ्या एका तरी बाईला बोलावलंत?

मानुआरी : नाही.

तेपुरा : पाद्र्याला बोलावलंत. तो काय गोगलगायींना बाप्तिस्मा देणार होता?

मानुआरी : सगळ्या उकळल्यास?

तेपुरा : सात. पाच त्या फडक्याखाली आहेत. चुलीवर पाणी ठेवलंय.

मानुआरी : पाणी उतरव.

तेपुरा : हुकूम नको सोडूस. उतरवते. तू पुराऊच्या झाडाखालची ओली पानं आण. कुजायला लागलेली, हिरवी नकोत; त्या कुजकीच खातात. हेही शिकवलं नसेल तुला.

(दुपारी बारा.)

मानुआरी : काही हालचाल?

तेपुरा : तीन पानावर चढल्या. दोन अजून शंखातच आहेत.