जग बुडाल्याची पुस्तकं आणि दळवी बाई

मी मूळची माझगावची. वडील गोदीत वेल्डर, आम्ही चार बहिणी, आणि घरात वाचायला काय, तर पंचांग आणि रेशन कार्ड. लग्न होऊन गिरगावात आले तेव्हा खोताच्या वाडीच्या पलीकडे एक लायब्ररी होती, तिथे घरोघरी पुस्तकं पोचवायला बाई पाहिजे म्हणून कळलं, आणि काय सांगू तुला, त्याला आता एकतीस वर्षं झाली, गुडघे गेले पण पिशवी काही सुटली नाही. कोणाच्या घरात काय वाचतात ते मला माहीत. पोथीच्या खाली कोण काय लपवून मागवतं तेही माहीत, पण ते मी सांगणार नाही.

तर दळवी बाई. शाळेत गणित शिकवायच्या, आता रिटायर, लग्न केलं नाही, चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या. आणि वाचायच्या काय, तर जग बुडाल्याची पुस्तकं. रोग पसरलाय, माणसं माणसांना चावतायत, अख्ख्या शहरात चार जणं उरलीत, असलं सगळं. मी म्हणायची, बाई, जेवण कसं जातं हो तुम्हाला. तर म्हणायच्या, सुलभा, यात निदान पाहुणे येत नाहीत.

लॉकडाऊनपासून त्यांनी कोणाला आत घेणं बंद केलं ते केलंच. सगळ्या चाळीची दारं उघडली, ह्यांचं नाही. खिडकीतून दूध, खिडकीतून भाजी, खिडकीतून पुस्तक. विचारलं तर म्हणाल्या, पुस्तकात बघ, जो दार उघडतो तो पहिला जातो.

आता आमच्या जुन्या वाचकांची एक सवय आहे. पुस्तक वाचून झालं की एकवीस नंबरच्या पानावर पेन्सिलने आपली खूण करायची, म्हणजे तेच परत घरी येत नाही. कोणाचं फूल, कोणाचा त्रिकोण, दळवी बाईंची चांदणी. पुस्तक हातात आलं की आधी एकविसावं पान, चांदणी दिसली की परत, वर मला बोलणी, सुलभा, तुझं लक्ष कुठे असतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी चूक झाली, त्यांनी वाचलेलंच पुस्तक नेलं. बाईंनी पान उघडलं, नाकाशी धरलं, वरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, नवीन आहे, ठेव. मला खिडकीबाहेरून चांदणी दिसत होती, चांगली ठळक. बाईंना दिसत नव्हतं, आणि कधीपासून ते देवाला माहीत.

मी चांदणीचं नाव काढलं नाही. त्यांचा भाचा वसईला, तो कधीपासून मागे लागलेला, मावशी, खोली बंद कर, आमच्याकडे चल. माणूस वाईट नाही हो. पण हे कळलं असतं तर पुढच्या रविवारी टेम्पो आला असता, आणि बाईंची खोली गेली ती गेलीच. म्हणून मी म्हटलं, बाई, मला घरी वाचायला मिळत नाही, दुपारी तासभर मी तुम्हाला वाचून दाखवू का. त्यांनी पुस्तक परत बाहेर दिलं, म्हणाल्या, वाच, पण तिथूनच.

गॅलरीत स्टूल टाकून वाचायला लागले. तिसऱ्या दिवशी ती जागा आली, म्हातारा एकटा घरात कोंडून घेतलेला आणि बाहेर कोणी बाई दार ठोकतेय, मला आत घे. तो घेतो, आणि ती त्याला चावते. मी विचार केला, हे वाचलं तर बाई जन्मात कडी काढणार नाहीत. मग मी आपलं मनानेच वाचलं, की त्याने दार उघडलं, तिने त्याला पाणी दिलं, दोघं बसून जेवले.

आतून आवाज आला, कुठे जेवले? चावते ती त्याला, दंडाला.

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, बाई, नवीन आहे म्हणालात ना. तर म्हणाल्या, आणि तू वाचत होतीस ना.

मग गणित समजावल्यासारख्या हळू म्हणाल्या, हात जातो त्याचा. आणि पुढे परत कोणी दार ठोकतं, तर हा मेला उरलेल्या हाताने परत उघडतो. मला तो मूर्ख वाटायचा. मग विचारलं, कोणाला सांगितलंस? मी म्हटलं, कोणाला नाही. भाच्याला? त्यालाही नाही.

कडी वाजली. आत खोली एकदम स्वच्छ, फक्त ओट्यावरच्या डब्यांना दोऱ्या बांधलेल्या, साखरेला एक गाठ, मिठाला दोन. ते बघून मला रडू आलं, तर बाई म्हणाल्या, रडतेस काय, चहा टाक.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत पिकलेला. हॉस्पिटलात मी नेलं, थेंब मी घातले, भाच्याला फोन मात्र ऑपरेशन झाल्यावर त्यांनी स्वतः केला. तो आधी रागावला, मग दर रविवारी यायला लागला, टेम्पो न घेता. आता एका डोळ्याने वाचतात, दुसरा पुढच्या महिन्यात. तरी दुपारचा तास सुटलेला नाही, मी आत बसून वाचते आणि त्या उच्चार सुधारतात.

वाचक कमी झाले, अकरा घरं उरली. असू दे. त्या अकरा घरांतल्यांचे डोळे शाबूत राहोत, आणि मला जिने चढता येवोत, आणखी काय पाहिजे.